पुन्हा मोजायचं नाही

परवा आमच्या कंपनीत बायकांची तपासणी होती. गर्भाशयाच्या तोंडाची. कँटीनच्या मागच्या खोलीत पडदे लावले होते आणि लाइनवरच्या नव्या पोरी रांगेत उभ्या राहून एकमेकींना ढकलत खिदळत होत्या, तू आधी जा, तू आधी जा. त्यातली एक म्हणाली, आणि काही निघालंच तर? त्यापेक्षा नकोच ते, बघायलाच नको. मी तिच्यावर अशी खेकसले की अख्खी रांग गप्प झाली. बिचारीला काय कळणार मी कुणावर खेकसले ते. मी खेकसले कुंदाताईंवर, आणि कुंदाताई तर गेल्या.

कुंदाताई आमच्या फायनल इन्स्पेक्शनच्या इन्चार्ज. कंपनी चाकणची. आम्ही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये बसणाऱ्या पिना बनवतो, आणि ट्रकमध्ये चढण्याआधी प्रत्येक पिन आमच्या टेबलावरून जाते. ताई कुरुळीच्या, जुन्या शेतकरी घरातल्या. सासरची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळत होती. दत्ताभाऊंचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, जीव टेम्पोत. चार भिंतींत त्यांना घुसमटायला व्हायचं. म्हणून मग ताई गेल्या, आणि शिकत शिकत इन्चार्ज झाल्या.

उंच, हाडापेराने रुंद बाई. निळ्या एप्रनखाली घट्ट खोचलेली साडी, चष्मा दोरीने गळ्यात, आणि एप्रनच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनने अडकवलेली एक किल्ली. लाल पेटीची. जी पिन नापास होते ती लाल पेटीत जाते, पेटीला कुलूप असतं, आणि ते उघडायचा अधिकार फक्त इन्चार्जला. दुसऱ्या कंपन्यांत म्हणे ती किल्ली खिळ्याला टांगलेली असते, कुणीही घ्या. आमच्याकडे ती ताईंच्या छातीपाशी असायची आणि त्या तिला दिवसातून कितीदा तरी चाचपून बघायच्या. मंगळसूत्राकडे त्यांचं एवढं लक्ष नसेल.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. डिप्लोमा करून आलेली, रावेतला बिऱ्हाड, डोक्यात थोडी हवा. आमचं गेज म्हणजे एक पोलादी कडं. पिन त्यातून सरकली तर पास, अडली तर नापास. माझ्या हातातली एक पिन अडली. मी ती फिरवली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, गेली सरळ. मी ती खुशाल पासमध्ये ठेवली. मागून एक हात आला, त्याने ती पिन उचलली आणि लाल पेटीच्या भोकात टाकली. मी म्हटलं, ताई, नंतर गेली ना ती.

"आदी अडली का न्हाई? आपल्या मनासारखं हुईस्तवर मोजायचं आसंल तर मोजायचंच कशाला? तशीच भर की ट्रकात."

पुन्हा मोजायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा नापास ते नापास. आणि खरं सांगते, नियम चुकीचा नव्हता. आमच्यासारख्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला पहिला मोह तोच होतो. पिन अडली की वाटतं, आपलाच हात वाकडा गेला असेल, धूळ असेल, अजून एकदा बघू. असं बघत बसलं की सगळंच पास होतं आणि मग कुठल्या तरी घाटात कुणाची तरी गाडी बंद पडते.

एकदा महिनाअखेर होती. ट्रक दारात उभा, गिऱ्हाइकाचा फोनवर फोन, आणि माल कमी पडत होता. प्लँटचे साहेब स्वतः खाली आले. गोड बोलायला लागले. म्हणाले, कुंदाताई, नापास म्हणजे काही वाईट नाही हो, संशयित आहे एवढंच. पेटी उघडा, आपण बारकाईने दुसरी तपासणी करू, त्यातल्या निम्म्या चांगल्याच निघतील. ताईंनी काय करावं? खुर्ची सरकवली, लाल पेटीवर जाऊन मांडी घातली, डबा उघडला आणि चिवडा खायला लागल्या. साहेबांनाही पुढे केला. साहेब काय बोलणार, घेतला मूठभर. ट्रक अर्धा गेला. त्या महिन्यात आमच्या सगळ्यांच्या नावाने शिमगा झाला, पण पेटी उघडली नाही.

हे कंपनीपुरतं राहिलं असतं तर बाई नुसती कडक म्हणून आठवली असती. पण त्यांचं घरीदारी तेच. चाकणच्या बाजारात एखाद्याची वांगी किडकी निघाली की त्याच्या टोपलीकडे पुन्हा बघायचं नाही, मग तो फुकट देऊ दे. नणंद कुठल्याशा लग्नात चारचौघांत टाकून बोलली, तर त्या घरची पायरी बंद. भाऊबीज गेली, नवरात्र गेलं, वर्षं गेली. मी एकदा चिडवलं, ताई, माणसं म्हणजे काय पिना आहेत का? तर म्हणाल्या, पिना बऱ्या, निदान तोंडावर सांगत्यात.

मी कंपनीच्या बसने रावेतहून यायची, त्या कुरुळीला चढायच्या. कुरुळी ते कंपनी अंतर असं काहीच नाही, पण चाकण चौकातल्या ट्रॅफिकच्या कृपेने जगातली सगळी सुखदुःखं बोलून वर उरायची. मी त्या बसमध्ये जेवढं हसले तेवढं माहेरी हसले नसेन. कुणाची टेहळणी नाही, कुणाचं मन राखायचं नाही. अशा मोकळ्या, धट्ट्याकट्ट्या बाईचं पुढे जे बघितलं ते मला आजही सोसत नाही.

कंपनीत ती तपासणी पहिल्यांदा आली तेव्हा एक बाई पुढे होईना. लाज. ताई उठल्या आणि म्हणाल्या, आपलं कामच तपासणीचं, आपनच भ्यायचं व्हय? सगळ्यांत आधी त्या आत गेल्या. बाहेर येऊन एकेकीचं बखोट धरून आत पाठवलं.

काही आठवड्यांनी निकालाची पाकिटं आली. बाकी सगळ्यांची साधी होती. ताईंनी आपलं पाकीट बसमध्ये माझ्या हातात दिलं, इंग्रजी होतं म्हणून. त्यात लिहिलं होतं की पेशींमध्ये बदल दिसतो आहे, पुढच्या तपासणीसाठी हॉस्पिटलला या. मी वाचून दाखवलं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि विचारलं, म्हणजे नापास ना?

मी म्हटलं तसं नाही ताई. आणि तिथूनच, पत्रावर ज्यांचा नंबर होता त्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला. बाई चांगल्या होत्या, घाई केली नाही. म्हणाल्या, हा कॅन्सर आहे असं मुळीच नाही. बऱ्याच जणींच्या पेशी अशा दिसतात, कधी साध्या सुजेनेही दिसतात. भिंगातून नीट बघायचं, लागलाच तर एक छोटा तुकडा तपासायचा. ताईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, पहिल्या तपासणीत तुमची काही चूक झाली होती का? बाई म्हणाल्या, नाही, चूक कसली? ताई म्हणाल्या, मग परत कशाला? आणि फोन माझ्याकडे दिला.

मला आधी कळलंच नाही काय झालंय ते. वाटलं घाबरल्यात, चार दिवसांनी येतील ठिकाणावर. चार दिवसांनी विचारलं, आठ दिवसांनी विचारलं. शेवटी एकदा मी हट्टालाच पेटले. म्हटलं, ताई, पहिली तपासणी म्हणजे नुसती चाळण. चाळणीत खडा अडकतो तसा तांदळाचा मोठा दाणाही अडकतो. तो खडा की दाणा ते नीट बघायला नको का? नापास नाही, नुसतं संशयित आहे.

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी काही मी चोरी करताना सापडलेय.

"साहेब बी असंच म्हनत हुते," त्या म्हणाल्या. "पेटी उघडा, संशयित हाय नुसतं, निम्म्या चांगल्या निघत्याल. जे मी दुसऱ्याच्या गाडीला केलं न्हाई ते सोताला करू व्हय? सोताचं आलं की नियम मोडायचा?"

वेड्याला समजावता येतं, भित्र्याला समजावता येतं. प्रामाणिक माणसाला कसं समजावणार? मी म्हटलं, बाई ही पिन नाही, शरीर आहे, यात दुसऱ्यांदा बघणं हाच नियम आहे. त्या म्हणाल्या, हां. आणि विषय संपला.

विषय आमच्यापुरता संपला. त्यांच्यापुरता तो चोवीस तास चालू होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं. बसमध्ये त्यांचा एक हात ओटीपोटावर असायचा. बोलता बोलता थांबायच्या, कान देऊन काही ऐकल्यासारखं करायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, आत काहीतरी बसलंय आनि आपलं बोलनं ऐकतंय आसं वाटतं. झोप गेली. डोळ्यांखाली काळं आलं. चिवड्याचा डबा तसाच घरी परत जायला लागला. कुणी हसलं की त्यांना वाटायचं, ह्यांना कसं हसू येतं. एकदा टेबलावर पिन घालताना त्यांचा हात वाकडा गेला, पिन कड्यावर अडली, आणि त्यांनी ती लाल पेटीत टाकली. पिन चांगली होती, मला दिसत होतं. मी पुढची पिन उचलली.

मग त्यांनी स्वतःला हळूहळू बाजूला काढलं. कँटीनमधला चहाचा ग्लास वेगळा केला. मी ओरडले, हे काय लागण होणारं आहे का? म्हणाल्या, असू दे, आपलं वायलं बरं. आळीतल्या बायकांबरोबर पापड लाटायला जाणं सोडलं. संक्रांतीला हळदीकुंकू केलं नाही. दत्ताभाऊंना वाटलं, आपलंच काही चुकलं. ते बिचारे साडी घेऊन आले. ती घडीसुद्धा मोडली नाही.

त्यांची एकुलती मुलगी राजगुरुनगरला दिलेली. तिला दिवस गेले, सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. मलाही बोलावणं होतं. मुलगी झोपाळ्यावर बसलेली, हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं. पहिली ओटी आईने भरायची. बायका ताईंना हाका मारत होत्या आणि ताई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत बसल्या होत्या, उठेनात. मी आत गेले. म्हणाल्या, माझ्या हातानं नको. म्हटलं, ताई, लेकीची ओटी आहे. म्हणाल्या, तेच म्हनते मी, पोटुशी हाय ती, माझ्या पोटातलं तिच्या वटीत नको.

आणि मग त्या उठल्या, बाहेर गेल्या, आणि ज्या नणंदेचं इतकी वर्षं तोंड बघितलं नव्हतं तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, वन्सं, तुमी भरा. नणंद आधी बावरली, मग रडायलाच लागली, तिला वाटलं भांडण मिटलं. सगळ्या बायका कौतुकाने बघायला लागल्या. झोपाळ्यावरची पोर मात्र आईकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता. मला तिथे ताईंचा असा राग आला, असा राग आला. नणंदेला दुसरी संधी दिलीत ना बाई, मग स्वतःला का नाही? आजही तो राग जात नाही. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत.

दुसऱ्या दिवशी मी सरळ बाजारात जाऊन दत्ताभाऊंना गाठलं. टेम्पोत कांद्याच्या गोण्या चढत होत्या. त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते टेम्पोच्या फाळक्याला टेकले. म्हणाले, मला वाटत हुतं माझ्यावर रुसलीय. मग म्हणाले, न्हेतो मी तिला, उचलून न्हेतो. पण त्या बाईला उचलून कोण नेणार? त्यांनी त्या रात्री विषय काढला, तर ताई जेवणाच्या ताटावरून उठल्या. त्यांनी लेकीची शपथ घातली, तर म्हणाल्या, शपथा घालून माप बदलतंय व्हय? तो साधा माणूस पुढे कित्येक दिवस संध्याकाळी माझ्या घरी फोन करायचा आणि विचारायचा, अजून काय करू? मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, घेऊन या, कधीही घेऊन या, फक्त उशीर करू नका. मग काय, पुन्हा ताईंकडे, पुन्हा तेच. रिकाम्या विहिरीत बादली सोडत राहायची, त्यातली गत.

नात झाली. ताईंनी तिला मांडीवर घेतलं नाही; लांबून बघायच्या आणि कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढायच्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दुसरी दिवाळी आली. बाई अर्ध्या झाल्या होत्या. दुखणं एक पैशाचं नव्हतं तेव्हा, निदान त्यांना जाणवत तरी नव्हतं. जे झिजवलं ते काळजीने. मला वाटतं, एखाद्या माणसाला फाशी सांगून ठेवावी आणि तारीखच सांगू नये, तसं ते जगणं होतं.

मग एके सकाळी बसमध्ये त्या माझ्याशेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की त्यांना रक्त जातंय. पाळी जाऊन कितीतरी काळ लोटला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं, चल, जाऊ आपण.

मी म्हटलं, आता बऱ्या तयार झालात?

"ही नवी तक्रार हाय," त्या म्हणाल्या. "हिची तपासणी अजून झालेली न्हाई. हिची चालंल."

चौकात नेहमीचा ट्रॅफिक होता. मी ड्रायव्हरला दार उघडायला लावलं, दोघी तिथेच उतरलो, रिक्षा केली आणि पिंपरीच्या हॉस्पिटलला गेलो. वाटेत मी दत्ताभाऊंना फोन केला. ताई रिक्षात अगदी शांत बसल्या होत्या, एखादी बाई माहेरी निघाल्यासारखी. मी मात्र मोशीपासून रडत होते.

तुकडा काढला, तपासायला पाठवला. निकाल ऐकायला आम्ही तिघं गेलो, ताई, दत्ताभाऊ आणि मी. डॉक्टरीणबाई त्याच, फोनवरच्या. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. कॅन्सर आहे, आणि तो गर्भाशयाच्या तोंडाशी थांबलेला नाही, आजूबाजूला गेला आहे. औषधोपचार करू, पण पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही. दत्ताभाऊंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मला राहवलं नाही, मी विचारलं, पहिल्या पत्राच्या वेळी आल्या असत्या तर? बाई म्हणाल्या, तेव्हा आत काय होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण बहुतेक बायकांचं त्या वेळी थोडक्यात निस्तरतं, आणि कितीकींचं तर काही निघतच नाही.

हे ताईंनी ऐकलं. नीट ऐकलं. मला वाटलं आता त्या कोसळतील, निदान एकदा माझ्याकडे बघतील. त्यांनी बाईंनाच विचारलं, "आता पक्कं ना? आता ह्यात काय बदल न्हाई?"

बाई म्हणाल्या, नाही. पक्कं आहे.

ताईंनी मोठा श्वास सोडला आणि पदराने चेहरा पुसला. मला काय वाटलं ते सांगते. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, दोन्ही एकाच वेळी. एवढा काळ ज्याची भीती होती ते खरं झालं होतं, आणि त्या बाईला बरं वाटत होतं.

पुढे उपचारांसाठी दत्ताभाऊ त्यांना मुंबईला, भावाकडे घेऊन गेले आणि त्या तिकडेच वारल्या. मला त्या पुन्हा दिसल्या नाहीत. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या निकालाच्या दिवशीच, हॉस्पिटलच्या हॉलमध्ये. कुठलासा स्कॅन व्हायचा होता, नंबर लागायचा होता. दत्ताभाऊ कागद करायला खिडकीपाशी उभे होते. आम्ही दोघी बाकावर. हॉल माणसांनी भरलेला, कुणाचं तान्हं रडतंय, भिंतीवर टीव्ही मोठ्याने लागलेला. ताई म्हणाल्या, "वैशे, झोप येतीया गं." आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. बघता बघता लागली की झोप. तोंड उघडं, हात मांडीवर मोकळे पडलेले, हलकं घोरणंसुद्धा. चेहऱ्यावरची ती काळजी, जी इतक्या दिवसांत एक क्षण उतरली नव्हती, ती कुठे दिसेना.

सिस्टरने दारात येऊन नाव पुकारलं, कुंदा दत्तात्रय. मी हलले नाही. तिने पुन्हा पुकारलं, जरा चढ्या आवाजात. मी हात वर केला आणि म्हटलं, पुढच्यांना घ्या हो सिस्टर, ह्यांना जरा झोपू द्या.